नगरात चांदबिबी महाल सोडून आहे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला जाताना प्रश्नकर्ते एक दिवस नगरला, म्हणजे अहमदनगरला, थांबले. किल्ला बाहेरून पाहिला, चांदबिबी महालावर जाऊन फोटो काढले आणि संध्याकाळी निघताना त्यांना वाटलं, एका सल्तनतीच्या राजधानीत एवढंच? विजापूरला गोलघुमट आहे, बीदरला मदरसा आहे, मग नगरला काय आहे? आणि चांदबिबी सोडली तर या शहराची माणसं तरी कोणती?

मी नगरात बरीच वर्षं लोकांना वास्तू दाखवत फिरतो. ही तक्रार नवी नाही, आणि अगदीच खोटीही नाही. एका मोठ्या वास्तूसमोर उभं राहून 'वा!' म्हणण्याची सोय नगरात नाही. त्याला कारण आहे. निजामशाहीची राजधानी म्हणून हे शहर जेमतेम एकशेदहा वर्षं नांदलं, 1490 च्या दशकापासून 1600 पर्यंत. नंतर गादी इथून हलली ती हललीच. तेव्हापासून इथे तयार झालेल्या गोष्टी आणि माणसं एकेक करून बाहेर गेली आणि दुसऱ्या गावांची शान झाली. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ तुम्ही पाहिली असेल. साधारण 55 टनांची ती पंचधातूची तोफ 1549 मध्ये नगरात ओतली, महंमद बिन हसन रूमी नावाच्या तुर्की कारागिराने. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि 1632 मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवांनी तिथून विजापूरला नेली. म्हणजे विजापूरला ज्या वस्तूपुढे लोक रांग लावतात ती नगरची, आणि नगरात तिचा मागमूस नाही. हा प्रकार इथे पुन्हा पुन्हा दिसेल.

आधी चांदबिबी महालाचं मिटवू. पाथर्डी रस्त्यावरच्या शाह डोंगरावरची ती तीन मजली अष्टकोनी इमारत चांदबिबीची नाही आणि महालही नाही. ती सलाबतखान दुसरा याची कबर आहे. हा सलाबतखान पहिल्या मुर्तजा निजामशहाचा वजीर. राजा राज्यकारभाराला विटला होता, लोक त्याला दिवाना म्हणत. सगळा कारभार सलाबतखानाच्या हातात. रस्ते, तलाव, बागा, पाण्याचे नळ यांत या माणसाचा हात जिथे तिथे दिसतो. शहराच्या दुर्दैवाने म्हणा किंवा चांदबिबीच्या लोकप्रियतेने म्हणा, त्याच्या कबरीवरचं नावसुद्धा लोकांनी तिला देऊन टाकलं. पुन्हा गेलात तर तळघरात कबर आहे ती पाहा आणि मग वर चढा. भिंतींवर नक्षी जवळजवळ नाही. नुसता घडीव दगड आणि कमानीवर कमान. सलाबतखानाचा स्वभाव त्या इमारतीत उतरलाय, असं आपलं मला वाटतं.

आता मुळापासून. शहर वसवणारा मलिक अहमद. त्याचा बाप मलिक हसन हा बहमनी दरबारातला बडा सरदार, पण घराणं मूळचं पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचं, असं फारसी इतिहासकार फिरिश्ता लिहून ठेवतो. मलिक हसनचं मूळ नाव तिमाभट. विजयनगरच्या स्वारीत लहानपणी पकडला गेला आणि बहमनी सुलतानाच्या पदरी वाढला. गंमत म्हणजे घराण्याने पाथरी विसरली नाही. अहमदाचा मुलगा बुऱ्हाण याने पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशहाशी भांडण काढलं आणि गाव घेतलं. अहमदाने 28 मे 1490 रोजी भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्यानंतर स्वतंत्र गादी मांडली. तोवर त्याचं ठाणं जुन्नरला होतं. जिथे लढाई जिंकली त्याच परिसरात, सीना नदीकाठी, 1494 मध्ये त्याने नवं शहर वसवायला घेतलं.

त्याची कबर बागरोझ्यात आहे, गावाच्या पश्चिमेला, सीनेच्या बाजूला. तुम्ही ती पाहिली नाही, आणि बहुतेक पाहुणे पाहत नाहीत. माझ्या मते नगर बघायला सुरुवात इथूनच करावी. काळ्या दगडाची चौकोनी इमारत, वर घुमट, आत कुराणातली वचनं कोरलेली. बाहेर गुलामअली नावाच्या हत्तीची कबर दाखवतात. तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला पकडलं ते याच हत्तीने, असं सांगतात. हत्तीला कबर बांधणारं गाव मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

तालिकोट म्हणजे 23 जानेवारी 1565. दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगर बुडवलं, त्यात नगरचा हुसेन निजामशहा पुढे होता आणि रामरायाचं डोकं त्याच्याच हुकमाने उडवलं गेलं. नगरचा आजचा दगडी किल्लाही त्याचाच, 1559 च्या सुमारास बांधायला घेतलेला. आधी तिथे मातीचा कोट होता. या हुसेनच्या पदरी आफताबी नावाचा कवी होता. त्याने राजाची स्तुती करणारं फारसी काव्य लिहिलं आणि त्यात चित्रं काढून घेतली. चित्रांत हुसेनशेजारी त्याची बेगम खुंझा हुमायूं बसलेली आहे. दख्खनी दरबाराच्या चित्रात राणी राजाला बिलगून बसलेली दिसणं ही त्या काळी फार दुर्मिळ गोष्ट. हुसेन 1565 मध्येच वारला, मुलगा मुर्तजा लहान, म्हणून काही वर्षं कारभार खुंझानेच पाहिला. पुढे मुलाने आईला कैदेत टाकलं आणि त्यानंतर चित्रांतली राणीची आकृती कुणीतरी खरवडून, रंग फासून पुसली. हस्तलिखित आज पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. पुसलेल्या जागी राणीची बाह्यरेषा अजून कळते. नगरच्या इतिहासातली सर्वांत बोलकी वस्तू कोणती असं मला विचारलं तर मी हीच सांगेन, आणि पुन्हा तेच, ती नगरात नाही.

चांदबिबी ही या खुंझाची आणि हुसेनची मुलगी. तिला नुसती 'शूर स्त्री' म्हणून गुंडाळणं मला पटत नाही. विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाशी तिचं लग्न झालं. तो मेल्यावर त्याचा लहानगा पुतण्या इब्राहिम याच्या नावाने तिने विजापूरचं राजकारण सांभाळलं, त्यात कैदही भोगली. मग माहेरी आली ती भर यादवीत. नगरच्या सरदारांचे दक्खनी, हबशी (म्हणजे आफ्रिकी वंशाचे), परदेशी असे तट पडले होते आणि त्यातल्याच एकाने अकबराच्या मुलाला, मुरादला, बोलावून घेतलं. मुघलांनी डिसेंबर 1595 मध्ये किल्ल्याला वेढा घातला आणि तटाखाली सुरुंग खणले. आतल्यांना त्याचा सुगावा लागला, त्यांनी काही सुरुंगांतली दारू काढूनही घेतली. एक मात्र उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. चांदबिबी तोंडावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली, दिवसभर हल्ले परतवले आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कमी सांगितलं जातं. तिने वऱ्हाड देऊन तह केला, कारण दाणागोटा संपत आला होता आणि मदतीची फौज लवकर पोचेल अशी खात्री नव्हती. चार वर्षांनी, 1600 मध्ये, मुघल पुन्हा आले तेव्हा तिचा हिशोब तोच होता: बोलणी करून जमेल तेवढं वाचवायचं. तेवढ्यावरून तिच्याच माणसांनी तिला फितूर ठरवून मारलं. ऑगस्टमध्ये किल्ला पडला. सोन्यारुप्याचे गोळे करून तोफेत घातल्याची कथा तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ऐकायला छान आहे, पण या बाईचं मोठेपण तहात जास्त दिसतं असं माझं मत आहे.

फिरिश्त्याचं नाव वर येऊन गेलं. महंमद कासीम फिरिश्ता, दख्खनच्या इतिहासाचा सर्वांत मोठा फारसी लेखक, लहानपणी बापाबरोबर इराणातून नगरला आला. बाप राजपुत्र मीरान हुसेनचा शिक्षक. त्या मीरानने 1588 मध्ये आपल्या बापाला, दिवान्या मुर्तजाला, हमामात कोंडून मारलं तेव्हा फिरिश्ता राजवाड्याच्या पहाऱ्यावर होता. यादवीतून जीव वाचवून तो विजापूरला गेला आणि तिथे त्याने इतिहास लिहिला. तोही गेलाच.

हा मुर्तजा जिथे राहायचा तो फराहबाग शहराच्या आग्नेयेला आहे. मधोमध महाल, चारी बाजूंनी पाणी आणि आत जायला एकच वाट, अशी रचना. पहिलं बांधकाम पसंत पडलं नाही म्हणून पाडून सलाबतखानाकडे दिलं, 1583 मध्ये पुरं झालं. राजा इथे एका गवयाशी बुद्धिबळं खेळत बसायचा. आता तलाव कोरडा आहे, गिलावा बराच उतरलाय, पण मधल्या दालनात उभं राहून वर घुमटाकडे पाहिलं तर हवा अजून खेळते. ताजमहालाची कल्पना शाहजहानला इथे सुचली असं काही जण छातीठोक सांगतात. मी सांगत नाही.

आता पाणी. नगरचं खरं कौतुक जमिनीखाली आहे. सीना उन्हाळ्यात आटते, शहर पर्जन्यछायेत, तरी इथे बागा, कारंजी आणि फौजा पोसल्या गेल्या त्या खापरी नळांवर. कापूरवाडी, वडगाव, भिंगार अशा आसपासच्या उंचावरच्या जागी विहिरी आणि झरे गाठायचे, भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून चुन्यात गाडायचे आणि निव्वळ उतारावर पाणी शहरात आणायचं. मधेमधे दगडी उच्छ्वास, म्हणजे उभे मनोरे: हवा बाहेर पडावी, दाब सांभाळला जावा आणि गाळ काढता यावा म्हणून. असे नळ एक-दोन नव्हेत, वेगवेगळ्या पेठांना आणि बागांना वेगवेगळे होते. रस्त्याच्या किंवा पायाच्या खोदकामात लाल खापराच्या गोल नळ्या निघतात, जेसीबीच्या दातांत सापडतात आणि ढिगाऱ्याबरोबर जातात. महालांच्या डागडुजीसाठी मोर्चे निघतात, नळांसाठी कुणी निघत नाही. पुढे मलिक अंबराने खडकीला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, नहर बांधली तिची ख्याती सगळीकडे आहे. ही कला नगरच्या राज्यात आधीपासून मुरलेली होती, हे ध्यानात ठेवा.

मलिक अंबर म्हणजे ज्याच्यावर खरं तर नगरात मोठं काहीतरी असायला हवं होतं असा माणूस. इथिओपियात जन्म, मूळ नाव चापू, गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहात फिरत निजामशाहीच्या पेशव्याकडे आला. तो पेशवा चंगेजखान, स्वतःही हबशी. 1600 मध्ये किल्ला पडला, राज्य संपलं असं दिल्लीने धरून टाकलं. अंबराने घराण्यातला एक मुलगा परांड्याला गादीवर बसवला आणि पुढची पंचवीस वर्षं मुघलांना दख्खनमध्ये सुखाने झोपू दिलं नाही. डोंगराळ मुलुखात शिरायचं, रसद तोडायची आणि समोरासमोर सापडायचं नाही, ही त्याची रीत. मराठे स्वार तिच्यातच तयार झाले.

त्यातलं एक रणांगण नगरजवळ आहे आणि तिथे कुणी फिरकत नाही: भातोडी. 1624 मध्ये आदिलशाही आणि मुघल या दोघांच्या एकत्र फौजा अंबरावर चालून आल्या. त्याने भातोडीच्या तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला आणि मग तुटून पडला. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी इथेच पडले. दोघा भावांची नावंही नगरचीच देणगी. मालोजीराजांना मूल होत नव्हतं, त्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी, शरीफजी ठेवली. तो दर्गा दर्गादायरा इथे आहे. शिवरायांच्या वडिलांचं नाव ज्यांच्यावरून आलं ते ठिकाण शहराला इतकं लागून आहे, आणि प्रवासाच्या यादीत ते नसतं.

धर्माच्या बाबतीत नगरचा आणखी एक विशेष. बुऱ्हाण निजामशहाचा मुलगा अब्दुल कादर आजारी पडला, इराणातून आलेल्या शाह ताहीर या विद्वानाच्या सांगण्यावरून राजाने नवस बोलला, मुलगा वाचला आणि 1537 मध्ये राजाने शिया पंथ राज्याचा म्हणून जाहीर केला. त्याच सुमारास कोठला, म्हणजे मशीद आणि मदरशाचं आवार, उभा राहिला. आजही नगरचा मोहरम बघण्यासारखा असतो. कत्तलच्या रात्री बारा इमामांच्या सवाऱ्या निघतात आणि खांदा द्यायला, नवस फेडायला हिंदू घरांतली माणसं तितकीच असतात. तो बघायला मिळाला तर दहा घुमट चुकले तरी चालतील.

मुघल, पेशवे, शिंदे हा भाग भरभर सांगतो. औरंगजेब 3 मार्च 1707 रोजी इथेच, भिंगारजवळच्या छावणीत मेला. दफन खुलताबादला, तेही बाहेरच. शाहूराजे तेव्हा त्याच छावणीत कैदेत होते. 1759 मध्ये पेशव्यांनी किल्ला लढून नव्हे, किल्लेदार कवीजंगाला पैसे देऊन घेतला. पुढे तो दौलतराव शिंद्यांकडे गेला आणि त्यांनी 1798 मध्ये नाना फडणीसांना इथे कैदेत ठेवलं. 8 ऑगस्ट 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने शिड्या लावून पेठ घेतली, चार दिवसांत किल्लाही. त्याच्या छावणीतल्या गोखले सरदारांनी आश्चर्याने कळवलं की हे इंग्रज सकाळी आले, भिंत चढून गेले, आतल्यांना मारलं आणि न्याहारीला परत आले. किल्ल्याजवळच्या चिंचेखाली त्याने न्याहारी केली म्हणतात.

इंग्रजी अमदानीतलं नगर मात्र हात आखडता घेऊन सांगण्यासारखं नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 मध्ये इथे आले. सिंथिया फरार ही बाई त्याच मिशनची, लग्न न करता मुलींच्या शाळा चालवणारी. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते हिच्याकडे, नगरात. 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक 1842 मध्ये नगरहून निघू लागलं. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचं नगरातलं बिऱ्हाड मराठी साहित्याला ठाऊकच आहे. बालकवी काही काळ त्यांच्याच घरी होते. ख्रिस्ती नगर हा विषय एका फेरीत उरकण्यासारखा नाही. पडद्यावर कृष्ण म्हणून घराघरांत पुजला गेलेला शाहू मोडक नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातला, एवढंच जाता जाता सांगतो.

आणि किल्ला. तुम्ही बाहेरून पाहिलात म्हणता, तर आत जाच. 10 ऑगस्ट 1942 च्या आसपास काँग्रेस कार्यकारिणीतले नेहरू, पटेल, आझाद, गोविंद वल्लभ पंत, कृपलानी, नरेंद्र देव, शंकरराव देव असे बारा जण इथे आणून ठेवले. नेहरूंनी 1944 मध्ये पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं ते याच कोठडीत. ते बाग खणायचे आणि कुदळीला खालच्या जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागायचे, असं त्यांनीच लिहिलंय. मौलाना आझाद पहाटे उठून चिनी चहा करायचे आणि कधीच टपालात न पडणारी पत्रं लिहायचे, ती पुढे 'गुबार-ए-खातिर' म्हणून छापली गेली. कोठडीत घरटं करणाऱ्या चिमण्यांशी आधी भांडण आणि मग दोस्ती, हे त्यातलं एक पत्र. 1943 मध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली, तेव्हाही ते इथेच होते. याच काळात नगरचे अच्युतराव पटवर्धन भूमिगत राहून सरकारला गुंगारा देत होते. पुढारी नगरच्या तुरुंगात आणि नगरचा माणूस मोकळा.

अधिकृत नाव 2024 पासून अहिल्यानगर झालं आहे. अहिल्याबाई होळकरांचा जन्म 1725 चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. तीही जिल्ह्याची लेक, आणि तिचं कर्तृत्व माळव्यातलं.

पुन्हा याल तेव्हा क्रम असा ठेवा. सकाळी ऊन चढायच्या आत बागरोझा, मग गावातून चालत कोठला आणि दिल्ली दरवाजा. दुपारी ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय. नंतर किल्ला आणि त्याच्याजवळची दमडी मशीद. ही 1567-68 ची, सहीरखानाने बांधलेली, किल्ल्याच्या मजुरांच्या दमडी-दमडीतून उभी राहिली असं सांगतात; आकाराने लहान, पण दगडातलं कोरीवकाम सगळ्या नगरात उजवं. तिच्या कमानींपाशी जरा जास्त वेळ काढा. फराहबाग तिथून पुढे. दुसरा दिवस असेल तर शाह डोंगर आणि भातोडी एकत्र करा, नसेल तर डोंगर सोडा, तो तुमचा झालाय. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र जवळ ठेवा आणि आत कुठे फिरू देतात ते फाटकावरच विचारून घ्या. मोहरमची तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते, ती पाहून ठरवलंत तर मुक्कामाची सोय आधी करा.